कोरड्या ओढ्याचा हिशेब

नदी म्हटली म्हणजे तींत पाणी वाहतें असावयाचेंच, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. माणदेशांतील वाचकांची मात्र ती नसेल! स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावरील मुर्सिया प्रांतांतहि अशीच स्थिति आहे. तेथें मार मेनोर नांवाचें सुमारें १३५ चौरस किलोमीटरांचें उथळ, खारें सरोवर असून, अल्बुहोन नांवाचा ओढा त्यास मिळतो. १९७९ सालीं ताहो नदीचें पाणी कालव्यानें तिकडे आणल्यापासून बागाईत वाढली, आणि तिच्याबरोबर खतहि. ओढ्याचें पात्र वरच्या अंगास बहुतेक वर्षभर कोरडें ठणठणीत. मुखाशीं मात्र शेतांतून पाझरलेलें पाणी झुळझुळत असतें.

अशा ओढ्यांतून पाणी, गाळ व खत किती वाहून जातें, याचा अंदाज संगणकावर गणिती आराखडे मांडून करितात. ते पुष्कळसे बारमाही नद्या डोळ्यांपुढें ठेवून रचलेले. येथें घोटाळा होतो तो असा : बहुतेक दिवशीं प्रवाह शून्य असल्यामुळें, "आज शून्य" असें रोज सांगणारा आराखडाहि बहुतेक दिवशीं बरोबरच ठरावयाचा! चुकावयाचा तो नेमका पुराच्या दिवशीं. शिवाय पहिलें पाणी कोरडी वाळूच पिऊन टाकते. आणि तापलेल्या गाळांतील सूक्ष्म जंतु भिजतांच जागे होऊन सांठलेलें नत्र मोकळें करितात. हा जमाखर्च सुक्या दिवसांपासूनच मांडीत आलें पाहिजे.

सप्टेंबर २०१९ मध्यें अतिवृष्टि झाली. पुराचें गोडें पाणी हलकें म्हणून खाऱ्या पाण्यावर पसरून राहिलें, तळाशीं प्राणवायु उरला नाहीं, आणि १२ ऑक्टोबर रोजीं हजारों मासे तडफडत कांठाशीं आले. सारा दोष पुराच्या माथीं मारावा, तर ऑगस्ट २०२१ मध्यें पुनः मासे मेले, तेव्हां पूर आलेला नव्हता. गाळ व स्फुरद मुख्यत्वें पुराबरोबर जातात. नत्र मात्र त्या निर्मळ दिसणाऱ्या झुळझुळीत विरघळून रोज थोडेंथोडें जात असतें. दोहोंची एकच सरासरी काढली कीं, बंधारे घालावे कीं खत आंवरावें, हें समजेनासें होतें. माझ्या मतें खत आधीं. विरघळलेलें नत्र बंधाऱ्यास दाद देत नाहीं.

२०२२ सालीं स्पेनच्या संसदेनें या सरोवरास व्यक्तीप्रमाणें कायदेशीर हक्क दिले. कोणीहि मनुष्य त्याच्या वतीनें आतां न्यायालयांत जाऊं शकतो. तेथें प्रश्न निघावयाचा तो हाच, कीं कोणाच्या शेतांतून किती आलें.