वाडा मालगुजाराचा, पण चौक कुणाचा?

पुण्याचा शनिवारवाडा पाहायला गेलेल्यांना बाजीराव-मस्तानीच्या कथा ऐकवल्या जातात. पण त्याच पेशवाईच्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू आणि थुंकण्यासाठी गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवले. वाड्याचा इतिहास भिंतींच्या आत संपत नाही. समोरच्या चौकात ताठ मानेने कोण उभा राहू शकत होता, हाही त्याचाच इतिहास आहे.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात काय वेगळे होते? गोंदिया शहर रेल्वेने वाढवले. वाड्यांची सत्ता होती ती कामठा, आमगावसारख्या जमीनदाऱ्यांत आणि गावोगावच्या मालगुजारांकडे. वाड्यातून वेठीची हाक आली की घरचे काम टाकून आमच्या बापजाद्यांना जावे लागे. वाडा उभा राहिला तो याच घामावर.

ही सत्ता कायद्याने मोडली. त्या वेळी हा भाग मध्य प्रदेशात होता. तिथल्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून जमीनदारी-मालगुजारी संपली. या कायद्यातला भेद आमच्या समाजाने नीट समजून घेतला पाहिजे. कलम ५ प्रमाणे घर आणि घराचे आवार जुन्या मालकाकडेच राहिले. मात्र कलम ४ प्रमाणे गावठाण, पायवाटा, तलाव, हाट-बाजार यांवरील त्याचा मालकी हक्क शासनाकडे गेला. म्हणजे वाडा त्याचा राहिला. पण वाड्यासमोरची गावठाणाची मोकळी जागा त्याची राहिली नाही! आणि सार्वजनिक विहिरी, तलाव, रस्ते, जागा यांच्या वापरात जातीवरून आडकाठी करता येणार नाही, असे संविधानाचे कलम १५ बजावते.

तरीही जयंतीचा मंडप टाकायचा म्हटले की वाड्याकडे पाहून परवानगी मागणारे आजही भेटतात. ही भीती कायद्यात नाही, मनात आहे.

म्हणून आमचे तरुणांना सांगणे आहे : तहसिलीतून गावाचे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला काढा. सार्वजनिक जागा कोणती, ते वाचा आणि ग्रामसभेत मांडा. जुने वाडे वारसा म्हणून जपायचे तर खुशाल जपा, आमचा विरोध नाही. पण तिथल्या पाटीवर बांधणाऱ्या मालकासोबत राबणाऱ्या हातांचाही उल्लेख हवा. आणि चौकासाठी आता कुणाच्या परवानगीची वाट पाहू नका. तो आधीच सर्वांचा आहे.

जयभीम!