वंशावळ उलटी वाचावी

वंशावळ हा एक वाङ्मयप्रकार आहे. बखर, पोवाडा, आख्यान ह्यांना आपण ज्या अर्थाने वाङ्मयप्रकार म्हणतो, त्याच अर्थाने. हे विधान स्वतंत्रपणे करावे लागते ह्याची आम्हांला खंत वाटते. पण मराठीच्या विभागांतून आजवर ज्या रीतीने बखरी शिकवल्या गेल्या, ती पाहता ते करणे भाग आहे. बखरीच्या आरंभी येणारी कुळाची याद आपण 'प्रास्ताविक भाग' म्हणून ओलांडतो आणि थेट अफजलखानाच्या प्रसंगावर येतो. विद्यार्थ्यांनाही ते सोयीचे असते, आणि आपल्याला तर असतेच.

आम्ही दोघे मांजरीला राहतो आणि जवळच शिकवतो. काही दिवसांपूर्वी एम. ए.च्या वर्गातील एका विद्यार्थिनीने आमच्यापुढे आपल्या घरातील दोन कागद ठेवले. पहिला चौकटीत बसवलेला, रंगीत, वर सूर्याचे मुख असलेला. सूर्यापासून निघालेली वेल अनेक राजांच्या नावांना स्पर्श करीत, राजपुतान्यातून नर्मदा ओलांडून तिच्या आजोबांपर्यंत उतरलेली. दुसरा कागद साधा, शिक्का मारलेला, जात पडताळणीसाठी केलेल्या प्रतिज्ञापत्रासोबतचा. तो आजोबांपासून वर चढत खापरपणजोबांपाशी थांबतो, कारण त्यांच्याच नावापुढे गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे जुन्या कोतवाल बुकात, मोडीत 'कुणबी' अशी नोंद आहे. घर एकच, माणसे तीच. तिचा प्रश्न सरळ होता : "सर, ह्यातली खरी कोणती?"

ह्या प्रश्नाला दोन ठराविक उत्तरे मिळतात. भाविक म्हणतो, पहिली खरी, पूर्वज काय खोटे सांगतील? संशयी म्हणतो, पहिली भाटांनी रचलेली, दुसरीला सरकारी शिक्का आहे म्हणून ती खरी. आमचा रोख मुख्यतः ह्या दुसऱ्या माणसावर आहे, कारण तो आपल्यातला आहे. अध्यापकांच्या खोलीत वंशावळीचा विषय निघाला की ओठांच्या कोपऱ्यात हसतो तो हाच. भाविकाचा आणि त्याचा प्रश्न एकच असतो हे त्याच्या ध्यानी येत नाही. दोघांनाही वंशावळीकडून जन्माचा दाखला हवा असतो. एकाला तो मिळाल्यासारखा वाटतो, दुसऱ्याला मिळत नाही, इतकाच फरक.

भोसले कुळाचेच उदाहरण घेऊ. ह्या कुळाचा मेवाडच्या सिसोद्यांशी जोडलेला संबंध राज्याभिषेकाच्या निमित्ताने, म्हणजे १६७४ मध्ये, गागाभट्टांच्या सोयीसाठी तयार झाला, असे आपल्याकडील शहाणी माणसे एका वाक्यात सांगून मोकळी होतात. परंतु शहाजीराजांच्या आश्रयाला असलेल्या जयराम पिंड्ये ह्यांचा 'राधामाधवविलासचंपू' त्याच्या सुमारे वीस वर्षे आधीचा. राजवाड्यांनी तो १९२२ मध्ये दीर्घ प्रस्तावनेसह छापला. चितोडच्या राण्यांशी कुळाचा संबंध त्या काव्यात आहे. म्हणजे बंगळुरात, आदिलशाही सरदाराच्या दरबारात, राज्याभिषेकाचा विचारही कोणाच्या मनात नसताना हा दावा उच्चारला गेला होता. रायगडावर त्याला नवे काम मिळाले : मुंज, अभिषेक, क्षत्रियत्व. पुढे १६९७ मध्ये जिंजीला, राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून, कृष्णाजी अनंत सभासद लिहितो तेव्हा तोच दावा तिसऱ्याच कामाला येतो. राज्य संकटात आहे, राजधानी दूर आहे, आणि आपण कोण हे नव्या राजाला व त्याच्या सरदारांना पुन्हा सांगायचे आहे. दावा एक, प्रसंग तीन. 'खरे की खोटे' एवढेच विचारणाऱ्याच्या हाती ह्या तिन्ही प्रसंगांतील काहीच लागत नाही.

ह्याच कुळाची दुसरीही एक वंशकथा आहे. रा. चिं. ढेरे ह्यांनी 'शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव' ह्या २००१ मधील ग्रंथात भोसल्यांचे मूळ उत्तरेत न शोधता दक्षिणेत, होयसळ-यादवांच्या गोपालक परंपरेत शोधले आणि गदगच्या बाजूने साताऱ्याकडे आलेल्या बळियप्पापर्यंत ते नेले. ढेऱ्यांचा निष्कर्ष सर्वांना पटलेला नाही; आमच्यातही त्याबाबत एकमत नाही. पण त्यांची पद्धत पाहा. त्यांनी नावांची साखळी मोजत न बसता कुलदैवत कुठून आले, यात्रेचा मान कोणाला, काठी कोणाची, गाणी कोणती, असे विचारले. वंशावळीचा जो भाग कागदावर नसतो तो त्यांनी वाचला. साहित्याच्या अभ्यासकाला हे जमते, इतिहासकाराला बहुधा जमत नाही, असे आम्ही जरा आगाऊपणाने म्हणतो.

प्रत्येक वंशावळीत एक सांधा असतो. वरचा भाग पुराणाचा, खालचा आठवणीचा किंवा कागदपत्रांचा, आणि मध्ये एखाददुसरे नाव असे की ज्याला दोन्हीकडचे वजन पेलावे लागते. हेमाद्रीने 'चतुर्वर्गचिंतामणी'च्या व्रतखंडात देवगिरीच्या यादवांची जी राजप्रशस्ती दिली, तीत सुबाहूपर्यंत आपण द्वारकेच्या पुराणात असतो आणि त्याचा पुत्र म्हणून दृढप्रहार येतो तेव्हा पाय एकदम महाराष्ट्राच्या मातीला लागतात. शिलाहारांच्या तिन्ही शाखा, ठाण्याची, दक्षिण कोकणाची आणि कोल्हापूरची, स्वतःला जीमूतवाहन विद्याधराच्या वंशातील म्हणवतात. नागाला वाचवण्यासाठी गरुडापुढे स्वतःचा देह ठेवणारा तो जीमूतवाहन. आणि त्याच दमात त्या 'तगरपुरवराधीश्वर' अशी पदवी लावतात. तगर म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर. विद्याधर कोणी पाहिला नाही, पण तेर कोणालाही पाहता येते. ठाण्यात राज्य करणाऱ्याला तेरची आठवण का ठेवावीशी वाटली, हा प्रश्न जीमूतवाहनाच्या खरेखोटेपणाहून कितीतरी मोठा आहे. वंशावळ वरून खाली वाचली तर हे प्रश्न सुचतच नाहीत. ती खालून वर, लिहिणाऱ्याच्या काळापासून मागे, म्हणजे उलटी वाचावी लागते.

हे दुखणे आपल्यापुरतेच नाही. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. नंतर कित्येक शतके आपला मूळपुरुष विल्यमबरोबर आला असे सांगणे हे तेथील थोरामोठ्यांचे शहाण्णव कुळी होते. बॅटल अॅबी ह्या मठात विल्यमच्या साथीदारांची यादी होती म्हणतात. मूळ यादी नाहीशी झाली आणि उरलेल्या नकलांत नावे भरत गेली. आपल्या शहाण्णव कुळांच्या याद्या शेजारीशेजारी ठेवल्या तरी हाच अनुभव येतो. सगळ्या याद्यांतील नावे मिळवली तर आकडा शहाण्णवाच्या बराच पुढे जातो. पुढे जे. होरेस राउंड ह्या संशोधकाने तेथील सनदा आणि १०८६ ची डूम्सडे नोंदवही पुढ्यात घेऊन एकेका घराण्याची नॉर्मन वेल मुळापासून छाटली. हेस्टिंग्जच्या रणावर विल्यमबरोबर असल्याचा समकालीन पुरावा ज्यांच्याबाबत देता येतो, अशी नावे आज वीसच्या आसपासच निघतात. राउंड आणि राजवाडे समकालीन. दोघेही कमालीचे तिखट, दोघेही दप्तरांचे वेडे. पण राउंड वंशावळ खोटी ठरवून थांबतो. राजवाडे तसे थांबत नाहीत. त्यांचे अनुमान अनेकदा भरकटते, वर्णाभिमान तर पानोपानी डोकावतो, आणि त्याबद्दल त्यांना माफी देण्याचे कारण नाही. तरीही नाव, आडनाव, गाव, दैवत ह्या प्रत्येकात काहीतरी साठलेले आहे ही त्यांची खात्री आम्हांला राउंडच्या कात्रीपेक्षा मोलाची वाटते.

वंशावळ कोणत्या घडीला लिहिली जाते ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण तंजावरला आहे. बृहदीश्वराच्या देवळात १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरला गेला. भारतातील सर्वांत दीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. तो कोरवणारे दुसरे सरफोजी हे दत्तक. तुळजाराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले, पण गादीवर अमरसिंह बसले. १७९८ मध्ये कंपनीने सरफोजींना गादी मिळवून दिली आणि पुढच्याच वर्षी तहाने राज्याचा कारभार स्वतःकडे घेतला. राज्य गेले आणि चारच वर्षांत दगडावर कुळ उमटले. चोळांच्या देवळात, तमिळ मुलखात, मराठी भाषेत. रक्ताने नव्हे तर विधीने पुत्र झालेल्या राजाने ही वेल कोरवली आहे, हे ज्याच्या लक्षात येईल तो 'रक्ताची शुद्धता' हा शब्द पुन्हा सहजासहजी उच्चारणार नाही. मराठ्यांच्या गाद्या दत्तकांनी राखल्या. कोल्हापूरच्या गादीवर कागलच्या घाटग्यांचा मुलगा १८८४ मध्ये दत्तक आला, आणि १८९९ नंतर वेदोक्ताच्या प्रकरणात त्या कुळाच्या क्षत्रियत्वासाठी जिद्दीने भांडला तो तोच, शाहूमहाराज.

आता संशयी मित्रांसाठी एक उलटा दाखला. वतनदारांचे घरगुती कागद स्वार्थाने लिहिलेले असतात, म्हणून ते टाकाऊ, असे मानले जाते. स्वार्थाने लिहिलेले असतात हे खरेच आहे. वतनाच्या तंट्यात करीना द्यायचा तो आपली बाजू मांडण्यासाठीच. परंतु कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातून टिळकांच्या हाती आलेली आणि १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेली शकावली नसती, तर शिवजन्माची फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही तिथी, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, आज आपण मानली असती का? सरकारी सुटीची तारीख एका देशमुखी दप्तरावर उभी आहे. त्याच घराच्या करीन्यात भाऊबंदकीच्या मारामारीतून तान्ह्या कान्होजीला वाचवल्याची जी हकिकत येते, तिच्यात एक दाई आहे. वंशावळीत तिला जागा नाही. करीन्यात आहे, कारण तेथे गोष्ट सांगावी लागते.

जागा तर आईलाही नाही. जिजाबाई जाधवांच्या म्हणून आपल्याला ठाऊक, पण सामान्य सरदार घराण्याच्या वेलीत सोयरीक शोधून पाहावी. 'निसंतान' हा शेरा सापडेल, 'दत्तक' सापडेल, बाईचे नाव सापडणार नाही. आमच्या मांजरीत ऊस-संशोधनाची मोठी संस्था आहे. ऊस पैदाशीच्या टिपणात प्रत्येक वाणाचे आईबाप लिहितात आणि आईचे नाव आधी लिहितात. महाराष्ट्रभर लावला गेलेला को ८६०३२ हा को ६२१९८ आणि कोसी ६७१ ह्यांच्या संकरातून आला, हे उसाच्या अभ्यासकाला पाठ असते. उसाला जे मिळाले ते शहाण्णव कुळांतल्या एकीलाही मिळू नये!

२०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि तालुक्यातालुक्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली, तेव्हा मराठीचे विभाग कुठे होते? मोडी आपल्या घरचीच लिपी. गावोगावची मुले आजोबांचे नाव कोतवाल बुकात शोधत होती, त्या नावावर त्यांची फी आणि प्रवेश अवलंबून होता, आणि पदव्युत्तर मराठी शिकलेल्या माणसाला त्यांना साध्या एका ओळीची मदत करता येत नव्हती. आरक्षणाच्या वादात आम्ही येथे पडत नाही. वंशावळ पुन्हा एकदा दाव्याचा कागद झाली आहे, गोतसभेपुढे जशी होती तशीच, फक्त आता समोर पडताळणी समिती आहे. हे डोळ्यांसमोर घडत असताना तो कागद वाचण्याचे शिक्षण आपण देत नाही, ही आमची तक्रार आहे. एका सत्रात मोडी, चार वंशावळी, दोन करीने आणि तंजावरचा लेख, एवढेच आम्ही मागतो. त्यासाठी आधुनिक कवितेवरचा एखादा घटक कमी झाला तर कवी रागावणार नाहीत.

त्या विद्यार्थिनीला आम्ही उत्तर दिले नाही. दोन्ही कागदांखाली ते केव्हा, कोणी, कोणापुढे ठेवण्यासाठी लिहिले, एवढे घरी विचारून ये म्हणालो. चौकटीतली वंशावळ आत्याच्या लग्नाच्या बोलणीच्या वेळी करवून घेतली होती, असे तिने पुढच्या आठवड्यात सांगितले. वर आणखी म्हणाली, आत्याचे नाव त्यात नाही.