"ए, नोट्स आहेत का गं?"

पी.एल. लागली की आमच्या लेडीज होस्टेलमध्ये हा एकच जप चालतो. गंमत म्हणजे उत्तर बहुतेक वेळा "आहेत" असंच येतं. पण कुठे आहेत ते देवालाच ठाऊक!

परवा 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स'साठी मोबाईल उपसला. ग्रुपवर 'युनिट 3', 'युनिट 3 फायनल' आणि 'युनिट 3 फायनल नवीन' अशा तीन फाइल्स. पहिलीत बेंडिंग मोमेंट, दुसरीत टॉर्शन, कारण ती जुन्या पॅटर्नची. सिलॅबस बदलला आणि युनिटचे नंबर सरकले. तिसरी उघडलीच नाही. (थर्मोची निघाली असती तरी नवल नव्हतं.)

हसून सोडून दिलं असतं, पण ही शोधाशोध रूमपार्टनरसाठी होती. ती डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आली. कॅप राउंड संपून वर्गात बसली तेव्हा आमचे दीड युनिट झाले होते, आणि ग्रुपवरच्या आधीच्या फाइल्स तिला दिसेनात. तिने मला विचारलं. मी "शोधून देते" म्हटलं, थोडं शोधलं, मग सबमिशन आलं आणि विसरले. तिला केटी लागली. निकालानंतर रद्दी काढताना त्या नोट्स माझ्याच कपाटात, एम-थ्रीच्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यात सापडल्या. अजून तिला हे सांगितलेलं नाही, आता इथेच वाचेल.

लायब्ररीत असं का होत नाही? कारण तिथे पुस्तक कधी आलं, कुणी दिलं यावर मांडत नाहीत, ते कशाबद्दल आहे यावर मांडतात. मेल्विल ड्युईने 1876 मध्ये ही दशांश पद्धत काढली. 621.3 म्हणजे इलेक्ट्रिकल, 624 म्हणजे सिव्हिल. आपले डॉ. रंगनाथन तर मुळात मद्रासला गणित शिकवायचे, 1924 मध्ये ग्रंथपाल झाले. 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दलच आहे. मी कॉन्व्हेंटवाली, आमच्या सिस्टर तर पहिल्या पानावर अनुक्रमणिका नसेल तर वही तपासायच्याच नाहीत. तेव्हा राग यायचा.

माझं म्हणणं एवढंच, की फाइलच्या नावात आधी विषय, मग टॉपिक, मग वर्ष असावं. युनिट नंबर शेवटी. बीम कुठल्याही पॅटर्नमध्ये तसाच वाकतो! सगळं डिपार्टमेंटच्या अकाउंटवर ठेवावं, कारण सीआर पासआउट झाला की त्याची लिंकही त्याच्याबरोबर जाते. आणि एक छापील यादी नोटीस बोर्डावर.

काही सर म्हणतात, आयतं मिळालं की लेक्चरला कोण बसणार? सर, आयतं आत्ताही मिळतंच. फक्त ज्यांची सीनियर्सशी ओळख आहे त्यांना मिळतं. उशिरा आलेल्यांना आणि रोज लोकलने ये-जा करणाऱ्यांना मिळत नाही. बसणारे तर तेव्हाही बसतील.

मी सॉमपासून सुरुवात केलीय. 11 फाइल्सची नावं बदलून झाली. टॉर्शनचे सोडवलेले पेपर मात्र अजून सापडत नाहीत. कुणाकडे असतील तर रूमवर आणून द्या, तिचा पेपर पुढच्या महिन्यात आहे.