काळवंडलेले कलम आणि प्रकाशाचा उपचार

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. ज्या अग्नीने हे नगर वसविले, तोच ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक भट्ट्यांच्या वायुनलिकेजवळ भडकला व अनेक कामगारांचा घास घेऊन गेला. अशा अपघातांतून जो वाचतो, त्याच्या जखमेवर मांडीची पातळ त्वचा काढून तिचे कलम करतात. जखम भरते; परंतु कलम पुष्कळदा काळवंडते. शस्त्रक्रियेच्या दाहाने रंजकपेशी चेतावतात, मेलॅनिन अधिक निपजते आणि ऊन त्यात भर घालते.

हा डाग पुसू पाहणे म्हणजे चैन, असे काहींचे मत आहे. ते मला मान्य नाही. चेहरा व हात घेऊनच मनुष्य समाजात वावरतो. तथापि उपचाराची घाईही तितकीच अनुचित होय.

मायमन यांनी १९६० साली माणिकाचा लेसर सिद्ध केला. पुढे १९८३ साली अँडरसन व पॅरिश यांनी त्याच्या वैद्यकीय उपयोगाचे सूत्र मांडले : लक्ष्य जो प्रकाश शोषील तोच निवडावा, आणि उष्णता आजूबाजूस पसरण्यापूर्वीच त्याचा झोत आटोपावा. मेलॅनिनचे कण अतिसूक्ष्म असल्याने हा झोत काही नॅनोसेकंदांचाच असतो. कण फुटतात व शरीर त्यांचा हळूहळू निचरा करते.

परंतु नको असलेले मेलॅनिन कोणते आणि जन्मजात कोणते, हे प्रकाशास कळत नाही. माणिकाचा ६९४ नॅनोमीटरचा किरण सावळ्या त्वचेत वरच्या थरातच शोषला जातो; त्यामुळे ती भाजण्याचा, पांढरी पडण्याचा किंवा अधिकच काळी होण्याचा संभव असतो. १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त किरण त्या मानाने सुरक्षित होय. शिवाय, ज्या केशमुळांपासून व घर्मग्रंथींपासून त्वचा पुन्हा उगवते, ती पातळ कलमात फारशी नसतात. म्हणून येथे मात्रा कमीच हवी.

फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली त्वचेचे जे वर्ग पाडले ते प्रथम गोऱ्या त्वचेचेच होते. सावळे व काळे वर्ग मागाहून जोडले गेले. यास्तव परभाषेतील शास्त्र मराठीत आणताना शब्दांबरोबर आकडेही पारखावे लागतात. ते कोणाच्या त्वचेवर मोजले, हा प्रश्न भाषांतरकारानेही विचारला पाहिजे.

माझे म्हणणे इतकेच की, पहिले वर्षभर कलमास उन्हापासून जपावे. छत्री, सुती वस्त्र व ऊनरोधक मलम हाच आरंभीचा उपचार होय. डाग तरीही टिकला, आणि रुग्णाची स्वतःची इच्छा असली, तर तज्ज्ञाने आधी लहानशा जागी चाचणी घ्यावी, काही आठवडे थांबावे व परिणामाची नोंद ठेवावी. कलमांवरील अनुभव आजही मोजक्या रुग्णांपुरताच आहे. जेथे भट्ट्या आहेत तेथील रुग्णालयांनी अशा नोंदी जतन केल्या, तरच आपल्या त्वचेस योग्य अशी मात्रा ठरविता येईल.