धंद्याची रीत आणि सॉफ्टवेअरची रीत

व्यवसायासाठी बाजारात तयार मिळणारे सॉफ्टवेअर घ्यावे की गरजेनुसार ते लिहून घ्यावे, हा प्रश्न बहुधा किमतीचा म्हणून मांडला जातो. तयार सॉफ्टवेअर, म्हणजे एकाच स्वरूपात हजारो ग्राहकांना विकले जाणारे 'पॅकेज', स्वस्त पडते, कारण ते लिहिण्याचा खर्च त्या हजारांत वाटला जातो. लिहून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा सगळा भार एकट्या मालकावर येतो. एवढा हिशोब कोणत्याही व्यापाऱ्याला शिकवावा लागत नाही. त्याची अडचण त्याच्या आधीच्या पायरीवर असते: कामाची जी रीत सॉफ्टवेअरने जशीच्या तशी सांभाळावी असा त्याचा आग्रह असतो, ती त्याच्या धंद्याचे वैशिष्ट्य आहे की नुसती सवय, हे त्याला ठरवता येत नाही. या स्तंभाच्या मते वैशिष्ट्यासाठी पैसा खर्च करावा आणि सवय मोडावी. मात्र बहुतेक मालक ज्याला वैशिष्ट्य म्हणतात, ती सवयच असते.

भारतातील लहान व्यापाऱ्यांच्या अंगवळणी पडलेले टॅली हे आज तयार सॉफ्टवेअरचे ठळक उदाहरण असले, तरी त्याचा जन्म एका कुटुंबाच्या गरजेतून झाला. बंगळूरचे व्यावसायिक श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या धंद्याचे हिशोब ठेवण्याजोगे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांचे पुत्र भरत गोएंका यांनी ते लिहिले आणि १९८६ मध्ये त्यातून कंपनी उभी राहिली. एका घरासाठी लिहिलेली वस्तू देशभर खपली, कारण द्विनोंदी पद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार एका खात्यावर नावे आणि दुसऱ्यावर जमा टाकण्याची रीत, इचलकरंजीच्या सूत व्यापाऱ्याची आणि मडगावच्या औषधविक्रेत्याची एकच असते. अशा ठिकाणी स्वतंत्र सॉफ्टवेअर लिहून घेणे ही हौस आहे आणि ती महाग पडते, कारण हिशोबाची रीत तीच राहिली, तरी तिच्याभोवतीचे सरकारी नियम स्थिर राहत नाहीत. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी आला. ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवून क्रमांक मिळवलेले बिल, १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटी रुपयांवरील उलाढालीच्या व्यावसायिकांना बंधनकारक झाले आणि ती मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराचा माग राखणारी सोय असणे आवश्यक ठरले. पॅकेज बनवणारी कंपनी असा बदल एकदा करते आणि तो सर्वांना पोचवते. ज्याने स्वतःचे सॉफ्टवेअर लिहून घेतले, त्याला दर वेळी ते लिहिणाऱ्याला शोधावे लागते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण बाजार समितीच्या आवारात सापडते. अडत्याच्या गाळ्यावर शेतकऱ्याचा माल येतो, पण तो अडत्याने विकत घेतलेला नसतो. लिलावात त्याच मालाचे तीन-चार खरेदीदार होतात, वजने वेगळी पडतात, दर वेगळे लागतात आणि हमाली, तोलाई वगैरे वजा करून शेतकऱ्याच्या हाती 'पट्टी', म्हणजे विक्रीचा हिशोब दाखवणारा कागद, पडतो. आधी खरेदी, मग साठा, मग विक्री असा क्रम गृहीत धरणाऱ्या सर्वसाधारण बिलिंग पॅकेजमध्ये दुसऱ्याच्या वतीने केलेली ही विक्री ओढूनताणून बसवावी लागते. म्हणजे वैशिष्ट्य खरे आहे. परंतु ते एका गाळ्याचे नसून संपूर्ण अडत व्यवसायाचे आहे, त्यामुळे केवळ अडतीसाठी लिहिलेली पॅकेजे बाजारात आली आहेत आणि स्वतंत्र लेखनाचा विचार करण्यापूर्वी ती पाहणे हे शहाणपणाचे. नियम इथेही बदलतात: २०१६ मध्ये महाराष्ट्रात फळे-भाजीपाल्यावरची अडत, म्हणजे अडत्याचे कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला, तेव्हा पट्टीचे गणितच फिरले. एखाद्या अडत्याकडे उचल देण्याची आणि ती हंगामभर फेडून घेण्याची त्याची अशी खास रीत असेल व शेतकरी त्याच रीतीमुळे त्याच्याकडे टिकत असतील, तर तेवढ्या भागासाठी वेगळे सॉफ्टवेअर लिहून घेणे योग्य ठरते. बाकीचे पॅकेजवर सोडता येते.

सवय आणि वैशिष्ट्य यांची गल्लत मोठ्यांनाही चुकलेली नाही. लिडल या जर्मन दुकान-साखळीने २०११ च्या सुमारास सॅप या कंपनीची ईआरपी प्रणाली, म्हणजे खरेदी, साठा, विक्री आणि हिशोब एकाच ठिकाणी जोडणारे सॉफ्टवेअर, बसवण्यास घेतले आणि २०१८ मध्ये सुमारे ५० कोटी युरो खर्ची पडल्यावर ते काम सोडून दिले. जर्मन वृत्तपत्रांनी दिलेल्या कारणांपैकी एक फार बोलके आहे: लिडल आपल्या साठ्याचे मोल खरेदीच्या किमतीने करत असे, तर सॅपची किरकोळ विक्रीची प्रणाली विक्रीची किंमत धरून चालत होती. कंपनीने आपली रीत न बदलता तयार सॉफ्टवेअर बदलायला घेतले, आणि मग एका जागी केलेली दुरुस्ती दुसऱ्या दहा जागी पोचत गेली. खरेदीच्या किमतीने मोल करणे ही पद्धत वाईट नाही, किंबहुना ती सावध आहे. परंतु लिडलकडे गिऱ्हाईक येते ते स्वस्त मालासाठी, आतल्या वहीत साठा कोणत्या भावाने मांडला आहे हे त्याला ठाऊकही नसते. शेवटी कंपनी आपल्या जुन्या, स्वतः घडवलेल्या प्रणालीकडे परतली. तयार वस्तू घेऊन तिला आपल्या मापाची करत बसण्यात दोन्ही मार्गांचे तोटे पदरात पडतात, असा याचा अर्थ घेता येतो.

या विषयावर बोलताना तयार कपडे आणि शिंप्याकडून शिवलेले कपडे ही उपमा हटकून दिली जाते. ती फसवी आहे. सदरा शिवून झाला की शिंप्याशी संबंध संपतो, सॉफ्टवेअर लिहून झाले की तो सुरू होतो. शिवाय सदरा शिवून घेणाऱ्याचा होतो. सॉफ्टवेअरचे तसे नसते, आणि ही गोष्ट फारच थोड्या मालकांना माहीत असते. सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, ज्यात बदल केल्याशिवाय पुढे काहीही दुरुस्त करता येत नाही, त्याला सोर्स कोड म्हणतात, आणि १९५७ चा कॉपीराइट कायदा त्याची गणना साहित्यकृतीत करतो. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला हक्कदार, उलट करार नसल्यास, नोकरी देणारा असतो. बाहेरच्या व्यक्तीला किंवा संस्थेला पैसे देऊन लिहून घेतलेल्या कोडचा कॉपीराइट मात्र, लेखी हस्तांतर झाले नसेल तर, लिहिणाऱ्याकडेच राहतो. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा हक्क हाच कायदा, वेगळे ठरले नसल्यास, काढून घेणाऱ्याला देतो. म्हणजे दुकानाच्या उद्‌घाटनाचे फोटो मालकाचे होऊ शकतात आणि दुकान ज्यावर चालते ते सॉफ्टवेअर दुसऱ्याचे राहू शकते.

हस्तांतराच्या कागदावरही नुसती सही पुरत नाही. हस्तांतराची मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरता मानतो, त्यामुळे सांगलीच्या एखाद्या बेदाणा व्यापाऱ्याने स्वतःच्या खर्चाने सॉफ्टवेअर लिहून घेतले, लेखी करारही केला आणि सहाव्या वर्षी दुबईत शाखा काढली, तर तिथे ते चालवण्यापूर्वी त्याला जुन्या करारातील ही दोन कलमे उघडून पाहावी लागतील.