बाणकोटला मंडळी का उभी राहिली नाही?

मुचकुंदीच्या मुखाशी उभा असलेला पूर्णगड आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. कोकण किनाऱ्याचा विषय निघाला की आपले धागे तट, बुरूज आणि तोफांनी भरून जातात. प्रत्येक तारखेला पुरावा मागितला जातो, आणि तो मागायलाच हवा. मात्र ख्रिस्ती मंडळींचा विषय आला की हीच चिकित्सक मंडळी एका वाक्यात निकाल देतात: इंग्रजांची सत्ता आली, मिशनऱ्यांनी पैसा ओतला, गरिबांनी धर्म विकला. या विधानाला पुरावा कोणी मागत नाही. आज मागू या. त्यासाठी आरंभी रत्नागिरी जिल्ह्याबाहेर पाऊल टाकण्याचीही गरज नाही.

पूर्णगड इंग्रजांकडे गेला तो १८१८ मध्ये. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सावित्रीच्या मुखावरचा बाणकोट मात्र पेशव्यांनी १७५६ च्या तहाने त्यांना देऊन टाकला होता. सत्तेमागून चर्च येते हा सिद्धांत खरा असता, तर येथे पलटणीच्या पाठोपाठ पाद्री उतरले असते. ते आले १८२३ मध्ये, म्हणजे ६७ वर्षांनी! कारण कंपनीला धर्मप्रसारकांचे वावडे होते. व्यापारात बखेडा तिला नको होता. विल्यम केरी हा इंग्रज बाप्टिस्ट डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपुरात जाऊन राहिला, तो याच कारणाने. मराठीचे छापील व्याकरण (१८०५) आणि कोश (१८१०) ज्या छापखान्यातून निघाले, तो इंग्रजांच्या हद्दीबाहेरचा होता. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मुंबईत उतरले, तेव्हा सरकारने त्यांना हाकलण्याचा हुकूम काढला होता. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने दार किलकिले झाले.

मग १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा डोनाल्ड मिचेल बाणकोटला आला. हा पूर्वी कंपनीच्याच लष्करात अधिकारी होता. तो त्याच वर्षी वारला. जेम्स मिचेल, कूपर, क्रॉफर्ड, स्टीव्हन्सन यांनी बाणकोट आणि हर्णै येथे काम पुढे नेले. त्यांनी शाळा काढल्या. मुले आली, अक्षरे शिकली आणि घरी गेली. जॉन विल्सन १८२९ मध्ये याच किनाऱ्यावर मराठी शिकला आणि मुंबईला निघून गेला. पुढील काही वर्षांत मिशनचे केंद्रच पुण्याकडे हलले. सत्ता होती, निधी होता, शाळा होत्या, विद्वान पाद्री होते. गावोगाव स्वतःच्या पायावर उभी राहणारी मंडळी मात्र झाली नाही.

ज्यांना 'पैसा आणि सत्ता' हे उत्तर पुरेसे वाटते, त्यांनी आधी बाणकोटचे स्पष्टीकरण द्यावे.

येथे एक उपकथा. १८१२ मध्ये हॉल आणि नॉट यांच्याबरोबरच हिंदुस्थानाकडे धाडलेल्या तुकडीत अडोनिराम जडसन होता. कलकत्त्याला पोचल्यावर तो बाप्टिस्ट झाला आणि ब्रह्मदेशाला गेला; मूळ पंथात राहिलेले मुंबईला आले. आपल्याकडे बाप्टिस्टांचा जोर का नाही, याचे बरेचसे उत्तर या फाटाफुटीत आहे. बाप्टिस्ट तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. जाणत्या माणसाने स्वमुखाने कबुली द्यायची, मग पाण्यात बुडी. अशी खेडुतांची मंडळी पाहायची तर शेजारच्या तेलुगू मुलखात, ओंगोलला जावे लागते.

तेथे १८६६ मध्ये येर्रागुंटला पेरय्या या चामड्याचा व्यवसाय करणाऱ्या मादिगा गृहस्थाने बाप्तिस्मा घेतला. त्याला कोणी गाठले नव्हते. योगमार्गाने फिरून, शोध घेत तोच मिशनपर्यंत आला होता. पुढच्या वर्षी ८ सभासदांची मंडळी स्थापन झाली. मादिगा येऊ लागताच मिशनच्या शाळेतली उच्चवर्णीय मुले निघून गेली. जॉन क्लाउ या मिशनऱ्यापुढे निवड उभी राहिली, आणि त्याने मादिगांना जवळ केले. खेड्यापाड्यांत बोध करत हिंडले ते पेरय्यासारखे लोक.

आता दुष्काळाचा आक्षेप, कारण तो सर्वांत वजनदार आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात क्लाउने बकिंगहॅम कालव्याच्या काही मैलांचे कंत्राट घेऊन हजारोंना मजुरी दिली. धान्यासाठी धर्म घेण्याचा क्षण असेल तर हाच. पण मदत चालू असताना, वर्षाहून अधिक काळ, त्याने बाप्तिस्मेच थांबवले. लोक मागत होते, तो नाकारत होता. मदत संपल्यावर, ३ जुलै १८७८ रोजी गुंडलकम्मा नदीत एका दिवसात २,२२२ जणांनी बुडी घेतली, आणि बाप्तिस्मा देणारे हात तेलुगू उपदेशकांचे होते. त्या दिवशी वाटायला धान्य नव्हते.

भूक, शाळा, मानहानीतून सुटका या प्रेरणा नव्हत्याच, असे कोणी म्हणू नये. होत्या. पण हेतूची झडती एकाचीच का घ्यायची? याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तर ते आत्मशोधन. पंडिता रमाबाईंचे १८८३ मधले पाऊल चिंतनातून आले. नगर जिल्ह्यातल्या महाराने तेच केले की त्याची किंमत शेरभर ज्वारी! ब्राह्मणाला बुद्धी आणि महाराला फक्त पोट असते, हे गृहीतक या हिशेबात दडलेले आहे. मिशनऱ्यांची स्तुतिपर चरित्रेही फारशी निराळी नाहीत. त्यांत 'उद्धारलेल्या' माणसाला क्वचितच नाव असते.

नगरकडे मिशनचे ठाणे १८३१ मध्ये पडले आणि खेड्यांतून मंडळ्या वाढल्या, त्या मुख्यतः महारांच्या. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्तकथेला कीर्तनाचा बाज दिला. टाळ-चिपळ्यांची ती रीत कोणत्याही स्कॉटिश पाद्र्याच्या पेटीतून आली नव्हती. मंडळीच्या सभेत सभासद मत देत. गावच्या चावडीवर ज्याला पायरीखाली उभे राहावे लागे, तो येथे कोणाला पाळक नेमावे यावर बोलत असे. 'पैसा ओतला' म्हणणाऱ्यांनी या सभेची किंमत कधी लावून पाहिली आहे का?

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. त्या मंडळ्यांचे नातू-पणतू अजून बाहेर आहेत.