पोहे, पेपर आणि पोट

मित्रांनो, विषय जरा लाजिरवाणा आहे, पण कोणीतरी लिहायलाच हवं. सकाळी मेसमध्ये पोहे खाल्ले की दहा-पंधरा मिनिटांत मला धावावं लागतं. रूम पार्टनर म्हणतो, "तुझी तर डायरेक्ट पाईपलाईन आहे!" आजी म्हणते, "अरे, तुझ्या अंगीच लागत नाही." दोघंही चुकतात.

आत्ता खाल्लेले पोहे आत्ता बाहेर पडतच नाहीत. त्यांना मोठ्या आतड्यापर्यंत पोचायलाच काही तास लागतात. बाहेर पडतं ते कालचं-परवाचं. जठर भरून ताणलं की नसा आणि हार्मोन्स मोठ्या आतड्याला निरोप देतात, वर नवा माल आलाय, पुढे सरका! याला म्हणतात गॅस्ट्रोकोलिक रिफ्लेक्स. तो सगळ्यांनाच असतो. तान्हं बाळ दूध पिता पिता लंगोट भरतं ते त्यामुळेच. इरिटेबल बॉवेल सिंड्रोममध्ये, म्हणजे आयबीएसमध्ये, सर्किट तेच, पण माझ्यासारख्यांचा गेन वाढलेला! आतडं जोरात आवळतं, तिथल्या नसाही हळव्या, म्हणून कळ येते. (काहींना उलट बद्धकोष्ठ होतं.) जेवण जितकं जास्त आणि तेलकट, तितका रिफ्लेक्स जोरदार. तर्रीवाली मिसळ खाऊन नगर-मनमाड रोडने राहुरीहून कोपरगावपर्यंत या, म्हणजे कळेल!

टेन्शनने हे वाढतं, खरंय. पण रिपोर्ट नॉर्मल येतात म्हणून लोकांना ते नाटक वाटतं. वायर तुटलेली नाही म्हणजे सर्किट बरोबर चाललंय, असं कुठल्या प्रॅक्टिकलला शिकवलं? (रक्त पडत असेल, वजन घटत असेल, तर मात्र अंदाज न बांधता डॉक्टरकडे जा.)

मग पेपरच्या दिवशी आम्ही काय करतो? उपाशी बसतो. मागच्या सेमला मीही नुसत्या चहावर बसलो. तरी दुसऱ्या तासाला कळ आलीच. कॉन्व्हेंटच्या सवयीने हात वर करून "मे आय गो, सर?" म्हणालो. उत्तर आलं, "आत कॉपी ठेवलीय का?" सगळा हॉल हसला. बारा मार्कांचा प्रश्न सोडून मी पेपर देऊन टाकला. तो प्रश्न मला येत होता.

सर, खिसे तपासा, शिपाई सोबत पाठवा, पण जाऊ द्या. आणि परीक्षेपुरती तरी मेस साडेआठऐवजी सातला उघडा. दहाच्या पेपरआधी थोडं खाऊन, निवांत जाऊन येता येईल.